थांबलेलं पातं

नागपूरच्या वायुसेनानगरात नोव्हेंबर 2022 मध्ये एअर फेस्ट झाला, तो बघायला वर्ध्याहून गेलो होतो. वायुसेनेच्या सूर्यकिरण कसरतपथकाची हॉक विमानं डोक्यावरून गेली तेव्हा शटरचा वेग 1/2000 सेकंद ठेवला होता. हेलिकॉप्टरं आली तरी तो बदलायचं सुचलं नाही. रात्री घरी फोटो उघडले. जेट विमानं सुरेख आली होती. हेलिकॉप्टरांच्या फोटोत मात्र प्रत्येक पातं सुटं, स्वच्छ, जागच्या जागी थांबलेलं. तो कानठळ्या बसवणारा आवाज, ती उडालेली धूळ, काहीच त्यात उतरलं नव्हतं. दोऱ्याने टांगलेलं खेळणं वाटत होतं. त्या रात्रीपासून एक प्रश्न मला सोडत नाही: फिरणाऱ्या पात्याचं खरं चित्र कोणतं?

हा प्रश्न सगळ्यात देखणा होतो तो जुन्या, पंख्याच्या विमानापाशी. आपल्या वायुसेनेकडे असं एक डाकोटा आहे, नाव ‘परशुराम’. ब्रिटनमध्ये नव्याने उभं करून ते एप्रिल 2018 मध्ये स्वतःच्या पंखांवर उडत भारतात आलं. ते वायुसेनेला भेट दिलं राजीव चंद्रशेखर यांनी. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर स्वतः डाकोटा चालवायचे. शेपटीवरचा क्रमांक व्हीपी 905. 27 ऑक्टोबर 1947 ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या तुकडीला श्रीनगरला उतरवणाऱ्या डाकोटाचा हा क्रमांक. 2022 च्या प्रजासत्ताक दिनी दोन डॉर्निअर विमानांना सोबत घेऊन याच डाकोटाने ‘टांगाईल’ रचना केली. डिसेंबर 1971 मध्ये बांगलादेशात टांगाईलला छत्र्यांनी उतरली ती दुसरी पॅरा बटालियन, आणि ती मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची. राजपथावरून गेलेल्या त्या विमानात आपलंही काही होतं, असं मला मनापासून वाटतं.

विदर्भाचं तर डाकोटाशी घरोब्याचं नातं आहे. 30 जानेवारी 1949 ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून संध्याकाळी निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला भेटायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. नकाशावर मुंबईपासून नागपूरपर्यंत सरळ रेघ ओढा. ती वर्धा जिल्ह्यात आर्वी आणि पुलगावच्या मधून जाते.

आता त्या पात्याकडे वळू. डाकोटाच्या प्रत्येक इंजिनात 14 सिलिंडर, सातसातच्या दोन गोल ओळींत. संथ उड्डाणात इंजिन मिनिटाला सुमारे 2050 फेरे घेतं, पण पंख्यापर्यंत येताना मधला गिअर तो वेग कमी करतो: इंजिनाचे 16 फेरे, तर पंख्याचे 9. म्हणजे पंखा मिनिटाला साडेअकराशेच्या आसपास फिरतो, सेकंदाला साधारण 19 वेळा. 1/1000 सेकंदात पातं जेमतेम 7 अंश सरकतं, म्हणून फोटोत ते थिजतं. 1/60 सेकंदात मात्र ते 115 अंश फिरतं. डाकोटाच्या पंख्याला तीन पाती, एकमेकांपासून 120 अंशांवर. गंमत इथेच आहे: शटर उघडं असेपर्यंत प्रत्येक पातं पुढच्या पात्याच्या जागेपर्यंत जवळजवळ पोचतं आणि तिघांची मिळून एक पारदर्शक, चमकती तबकडी तयार होते. ही तबकडी मी पहिल्यांदा कागदावर गणित मांडून पाहिली, तेव्हा अंगावर काटा आला. डोळ्यालाही विमान तसंच दिसतं. धूसर फोटोच इथे खरा असतो.

मोबाइलचं प्रकरण आणखी अजब. त्याचा सेन्सर सगळं चित्र एकदम टिपत नाही, एकेक ओळ वाचत खाली येतो. वरची ओळ वाचली जाते तेव्हा पातं एका जागी असतं, खालची वाचेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं, आणि फोटोत सरळ पातं केळ्यासारखं वाकडं येतं. मोबाइलला दोष देऊ नका. प्रत्येक ओळ आपापल्या क्षणापुरती खरीच सांगत असते.

पण 1/60 ची किंमत मोजावी लागते. ताशी 270 किलोमीटरने जाणारं विमान तेवढ्या वेळात सव्वा मीटर पुढे सरकतं. कॅमेरा स्थिर धरला तर पंखा छान येईल आणि विमान फरफटेल. म्हणून पॅनिंग: विमानाच्या बरोबरीने कॅमेरा फिरवत न्यायचा. विमान 300 मीटरवरून जात असेल तर सेकंदाला सुमारे 14 अंश फिरावं लागतं, म्हणजे शेजारून जाणाऱ्याकडे मान वळवून पाहावं इतकं सावकाश. पाय पुढे रोखायचे तिकडे, जिथे शेवटचा फोटो घ्यायचा आहे. कंबर मागे वळवून सुरुवात करायची आणि शरीर आपोआप सुटत जाऊ द्यायचं. बटण दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. नवखे सगळे तिथेच थबकतात.

सरावाला विमान लागत नाही. सेवाग्रामच्या रस्त्याकडेला उभं राहायचं आणि येणारी एसटी पकडायची. मी हे महिनोन्महिने केलं. आधी 1/250, मग 1/125, मग 1/60. पहिल्या दिवशी लाल रंगाचे नुसते पट्टे आले. पुढे एकदा चालकाच्या काचेवरची गावाची पाटी स्वच्छ वाचता आली आणि मागची कडुनिंबाची झाडं हिरव्या रेघा होऊन वाहत गेली, तेव्हा जमलं असं कळलं. घरातला छताचा पंखाही उत्तम गुरू आहे. शटर एकेक पायरी हळू करत जा आणि पाती कधी विरघळतात ते पाहा.

आणखी एक शत्रू आपल्याकडचाच: ऊन. मे महिन्यात वर्धा-नागपूर रस्त्यावर दूर पाणी साचल्यासारखं दिसतं. तापलेल्या डांबरावरची हवा विरळ होते आणि प्रकाश वाकवते. धावपट्टीवरही तेच होतं आणि लांब पल्ल्याची लेन्स ते थरथरणं मोठं करून दाखवते. कितीही महागडी लेन्स घ्या, यावर इलाज नाही. हिवाळा आणि सकाळ, एवढाच उपाय. कोवळ्या तिरप्या उन्हात पत्र्यावरच्या प्रत्येक रिव्हेटची इवलीशी सावली पडते. जमिनीवर डाकोटा शेपूट टेकून, नाक वर करून बसतं. मांडी घालून खालून फोटो घेतला की ते आभाळाकडे बघत असल्यासारखं दिसतं.

पण मला सगळ्यात प्रिय आहे तो इंजिन सुरू होण्याचा क्षण. सिलिंडर गोलाकार मांडलेले असल्यामुळे उभ्या विमानातलं तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत उतरतं. म्हणून आधी पंखा हळूहळू फिरवून पाहतात, सिलिंडरात तेल अडून राहिलेलं नाही ना याची खात्री करतात. मग एकेक पातं वर येतं, खाली जातं आणि माणसं ती मोजतात. त्या काही क्षणांत कुठलंही गणित लागत नाही. पाती नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. मग इंजिन ठसकतं, साठलेलं तेल जळून निळसर पांढऱ्या धुराचा लोट मागे जातो, आणि तिसऱ्या पात्यानंतर चौथं कुठलं हे सांगता येईनासं होतं.