शब्दाची ओळख शेजाऱ्यांकडून

उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यास जी. आर. ई. परीक्षेत प्रथम धाक वाटतो तो इंग्रजी शब्दांचा. मग हजार-हजार शब्दांच्या याद्या येतात आणि घोकंपट्टी सुरू होते. पाठांतराची आपली परंपरा थोर खरी; तथापि केवळ तिच्या बळावर ही परीक्षा पार पडेल, असे समजणे धोक्याचे आहे.

पूर्वी सुटा शब्द देऊन त्याचा विरुद्धार्थी शब्द विचारीत असत. महाविद्यालय-प्रवेशाच्या एस. ए. टी. परीक्षेतून असे प्रश्न १९९४ साली गेले, जी. आर. ई.मधून २०११ साली. आता शब्द वाक्यातच भेटतो. आणि ते योग्यच नव्हे काय? 'सँक्शन' हा आपल्या कचेऱ्यांतला रोजचा शब्द घ्या. बँकेने कर्ज 'सँक्शन' केले म्हणजे मंजूर केले. पण एका राष्ट्राने दुसऱ्यावर 'सँक्शन्स' लादली म्हणजे निर्बंध घातले. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ जवळजवळ परस्परविरोधी! यादी दोन्ही अर्थ सांगेल. त्यांतला कोणता घ्यावयाचा, हे वाक्यच सांगेल.

वाक्य हे कसे सांगते, ते पाहू. 'दादासाहेब एरवी मोठे मितभाषी. परंतु त्या दिवशी सभेत तासभर बोलत राहिले.' 'मितभाषी' शब्द ठाऊक नसलेल्यालाही 'एरवी' आणि 'परंतु' हे दोन शब्द वाट दाखवितात : त्या दिवशी घडले ते नेहमीच्या उलट होते, अर्थात दादासाहेब नेहमी थोडे बोलणारे. 'म्हणून', 'कारण' हे शब्द कार्यकारण जोडतात. 'म्हणजे' हा तर अर्थच पुढे आणून ठेवतो. इंग्रजीतील 'ऑल्दो', 'बट', 'देअरफोर' यांचे कार्य हेच. प्रथम शोधावयाचे ते असे सांधे.

त्यानंतर पर्याय हाताने झाकावेत, रिकाम्या जागी आपल्या मनातला साधा शब्द घालावा, मगच त्याच्या जवळचा पर्याय निवडावा आणि संपूर्ण वाक्य पुन्हा वाचावे. हा क्रम उलटू नये. जी. आर. ई.च्या एका प्रश्नप्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडावयाचे असतात, की दोहोंनी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. तेथे समानार्थी जोडी दिसताच विद्यार्थी तिच्यावर झडप घालतो. पण ती जोडी त्या वाक्यात बसतच नाही, असेही घडते. आणि दोन्ही उत्तरे बरोबर आल्यावाचून गुण नाही.

या युक्तीलाही मर्यादा आहे. 'त्याच्या अंगणात पारिजातक होता' एवढ्याच वाक्यावरून पारिजातक वृक्ष की पाळलेले हरिण, हे कोणी सांगावे? संदर्भ पुष्कळदा दिशा दाखवितो, मुक्कामास पोहोचवीत नाही. शिवाय भोवतालचे शब्दच अनोळखी असतील, तर त्यांची साक्ष काय कामाची? म्हणून शब्दसंग्रह हवाच. मात्र तो वाचनातून यावा. वाचताना अडलेल्या शब्दाचा आधी तर्क करावा, मग कोश उघडून तो पडताळून पाहावा. अशा रीतीने भेटलेला शब्द आपल्या शेजाऱ्यांसकट स्मरणात राहतो. परीक्षा एका दिवसाची असते. ही सवय मात्र पुढे प्रत्येक ग्रंथाच्या पानावर उपयोगी पडेल.