सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट : आधी वाट पाहणे शिका

सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट शिकायला निघालेला नवखा बहुधा पहिल्याच दिवशी संगणकावर ती चालवणारे नोड बसवतो, लगेच त्यावर एक्सप्रेससारखी तयार चौकट घेतो आणि थोड्याच दिवसांत त्याचे छोटे संकेतस्थळ चालू लागते. चालते आहे म्हणजे कळले आहे, असे त्याला वाटू लागते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. सर्व्हरवरचा प्रोग्राम वाट कशी पाहतो, हे आधी समजून घ्यायला हवे. चौकटी त्यानंतर.

यामागचे कारण नोडच्या जन्मातच आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट घडवली ती ब्राउझरसाठी. सर्व्हरवर तिला नेण्याचा प्रयत्न नेटस्केपनेही केला होता, पण तो फारसा रुजला नाही. पुढे २००८ मध्ये गूगलने क्रोमसोबत व्ही-८ हे वेगवान इंजिन खुले केले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत रायन डाल यांनी त्याच इंजिनावर उभारलेले नोड लोकांसमोर ठेवले. त्या व्याख्यानात त्यांनी दाखवलेले आकडे नवशिक्याने वहीत उतरवून घ्यावेत असे आहेत : प्रोसेसरला सर्वांत जवळच्या कॅशमधून माहिती मिळायला ३ चक्रे लागतात, रॅममधून २५०, डिस्कवरून सुमारे ४ कोटी १० लाख आणि नेटवर्कवरून सुमारे २४ कोटी. डिस्क आता पुष्कळ वेगवान झाल्या आहेत, तरी दोन टोकांमधली ही दरी अजून प्रचंडच आहे. सर्व्हरचे काम तर मुख्यतः डेटाबेसला विचारणे, फाइल वाचणे आणि उत्तर पाठवणे हेच. म्हणजे त्याचा बहुतेक वेळ कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहण्यात जातो. अनेक जुन्या सर्व्हरांमध्ये येणाऱ्या प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस किंवा थ्रेड राखून ठेवत. तो थ्रेड नुसता थांबलेला असला तरी मेमरी अडवून बसे. एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्येच मांडला होता.

डाल यांनी निवडलेली वाट अशी : आपले जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालेल, वेळखाऊ मागणी करायची, उत्तर आल्यावर कोणते फंक्शन चालवायचे ते सांगून ठेवायचे आणि थ्रेड पुढच्या कामाला मोकळा करायचा. उत्तरे येतील तशी ती फंक्शने रांगेत लागतात आणि एकामागून एक चालतात. या फेऱ्याला इव्हेंट लूप म्हणतात. पिठाच्या गिरणीत लोक डबा ठेवून, काय दळायचे ते सांगून निघून जातात. जाते एकच असले तरी कुणी खोळंबून उभे राहत नाही. मात्र कुणी अख्खे पोते आणून ओतले की मागचे सगळे डबे तिष्ठतात. नोडचे बळही यात आहे आणि दुखणेही. हे पडताळायला चार ओळी पुरतात. ‘एक’ छापा, मग शून्य मिलिसेकंदांच्या सेटटाइमआउटमध्ये ‘दोन’ छापायला सांगा, मग ‘तीन’ छापा. पडद्यावर एक, तीन, दोन असा क्रम दिसेल, कारण हातातले काम संपल्याशिवाय रांगेकडे पाहिलेच जात नाही. शेवटी पाच सेकंद नुसते फिरत राहणारे लूप टाकले, तर ‘दोन’ पाच सेकंद उशिरा येईल. असे लूप एखाद्या सर्व्हरच्या एका पत्त्यावर ठेवून त्याच वेळी दुसरा, अगदी साधा पत्ता उघडून पाहा. त्यालाही उत्तर येत नाही. एका ग्राहकाच्या गणिताने सगळे ग्राहक अडतात, हे तेव्हा जसे ठसते तसे पुस्तकातून ठसत नाही.

यावर कुणी म्हणेल, उत्तराची वाट पाहणे सरळ ओळीत लिहू देणारे असिंक आणि अवेट हे शब्द आल्यापासून ही डोकेदुखी संपली. भाषेत ते २०१७ पासून आहेत. कोड वाचायला सोपा झाला, हे मान्य. पण वाट पाहणे लपले, संपले नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या दहा चौकशा लूपमध्ये एकेक अवेट लावून केल्या आणि प्रत्येकीला शंभर मिलिसेकंद लागले, तर पाहुणा एक सेकंद ताटकळतो, प्रॉमिस.ऑल या फंक्शनच्या मदतीने त्या एकदम सोडल्या तर साधारण एकीच्याच वेळात सगळ्या उरकू शकतात. अवेट विसरले तर हाती माहितीऐवजी प्रॉमिस, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराचे नुसते आश्वासन, पडते. आणि जड गणितापुढे अवेट लिहिले म्हणून ते गणित थ्रेड सोडत नाही. त्यासाठी वर्कर थ्रेड आहेत, जे नोडमध्ये २०१८ मध्ये आले. ते कधी वापरायचे, हे इव्हेंट लूप समजलेल्यालाच ठरवता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : नोकरी मागणाऱ्या मुलांना एक्सप्रेस येणे भाग आहे, मुळापासून शिकायला त्यांच्याकडे सवड कुठे? चौकटी शिकूच नयेत, असे मी म्हणत नाही. पण नोडच्या स्वतःच्या एचटीटीपी मॉड्यूलवर छोटा सर्व्हर लिहायला एखादी दुपार लागते आणि ती केलेल्याला एक्सप्रेस आपले कोणते श्रम वाचवते हे दिसू लागते. उसन्या कोडवर डोळे मिटून विसंबण्याची किंमतही या क्षेत्राने मोजली आहे. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतले आणि त्यावर आडून-आडून टेकलेले असंख्य प्रकल्प उभारणीतच कोसळले. त्यांतल्या अनेकांच्या कर्त्यांना आपण ते वापरतो याचीही कल्पना नव्हती.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझी विनंती आहे. पहिला आठवडा कोणतेही पॅकेज न घेता घालवा. फाइल वाचा, टायमर लावा, साधा सर्व्हर उभा करा, तो मुद्दाम अडवून पाहा. प्रत्येक वेळी ओळी कोणत्या क्रमाने छापल्या जातील ते आधी कागदावर लिहा आणि मगच प्रोग्राम चालवा. अंदाज सलग बरोबर येऊ लागले, की खुशाल एक्सप्रेस घ्या.