जिन: खान्देशात मुरलेला एक इंग्रजी शब्द

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत कापसाचा हंगाम सुरू झाला की ‘माल जिनवर गेला’, ‘जिन चालू झाले’ अशी वाक्ये शेतकरी, व्यापारी, हमाल आणि ट्रॅक्टरवाले यांच्या तोंडी दिवसभर असतात, आणि त्यांतला ‘जिन’ हा शब्द मूळचा इंग्रजी आहे याची आठवण बोलणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला सहसा होत नाही. सरकी, म्हणजे कापसाचे बी, आणि रुई, म्हणजे त्या बियांवरचे तंतू, एकमेकांपासून सोडवण्याचे काम ज्या यंत्रावर होते ते यंत्र म्हणजे जिन. पण खान्देशात या शब्दाचा अर्थ यंत्रापुरता राहिलेला नाही, तर ते यंत्र ज्या शेडमध्ये आहे ती शेड, तिच्यासमोरचा वजनकाटा, कापसाच्या गंजींचे आवार आणि रुई दाबून गाठी बांधणारा प्रेसिंगचा विभाग या सगळ्याला मिळून ‘जिन’ म्हणतात. उलट, आजच्या सामान्य इंग्रजी वाचकासमोर हा शब्द सुटा ठेवला तर त्याला प्रथम मद्य आठवते. म्हणजे इंग्रजीत मागे पडलेला अर्थ खान्देशात ठळकपणे जिवंत आहे, आणि तेवढ्यासाठी तरी या शब्दाचे मूळ शोधायला हवे.

ते मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘इंजेनियम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ जन्मजात बुद्धी, उपजत प्रतिभा असा होता. त्यापासून जुन्या फ्रेंच भाषेत ‘एंजिन’ हा शब्द झाला आणि बुद्धीबरोबरच बुद्धीने योजलेली युक्ती आणि त्या युक्तीचे साधन असाही अर्थ त्याला मिळाला. इंग्लंडमध्ये हा शब्द पोचल्यावर बोलण्याच्या ओघात त्याचे पहिले अक्षर गळून ‘जिन’ एवढेच रूप राहिले. आरंभीच्या इंग्रजीत जिन म्हणजे चातुर्य किंवा कावा, मग शिकार पकडण्याचा फास (१६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात तो याच अर्थाने येतो), आणि पुढे ओझे उचलण्याची तीन खांबांची तिकाटी किंवा खाणीतून माल वर ओढणारा घोड्याचा रहाट. याच शब्दाचे न तुटलेले रूप म्हणजे ‘इंजिन’, आणि ते घडवणारा तो इंजिनिअर. त्यामुळे भुसावळच्या रेल्वे यार्डातले इंजिन आणि जिल्ह्यातल्या कापसाच्या शेडमधले जिन हे एकाच शब्दाचे दोन वारस आहेत, फक्त एकाने आपले आद्याक्षर राखले आणि दुसऱ्याने ते गमावले.

कापसाच्या जिनचा उल्लेख झाला की अमेरिकेच्या एली व्हिटनीचे नाव घेतले जाते, आणि त्याने १७९३ साली यंत्र तयार करून १७९४ साली पेटंट मिळवले हे खरेच आहे. परंतु सरकी वेगळी करण्याचे साधन त्याच्या आधी जगात नव्हते, असा जो समज शालेय पुस्तकांतून पसरला तो मुळीच खरा नाही. भारतात दोन लाटांची, म्हणजे फिरत्या रुळांची, हातचरकी शतकानुशतके चालत होती, आणि जळगावच्या सीमेला लागून असलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत त्याहूनही जुन्या, एका लाटेच्या साधनाचे चित्रण असल्याचे काही अभ्यासक मानतात. व्हिटनीच्या यंत्रात दातेरी नळकांडे फटींमधून तंतू ओरबाडून घेते. हे काम झपाट्याने होते, पण तंतू तुटण्याचा धोका असतो. त्याच्या उलट, अमेरिकेतल्याच फोन्स मॅकार्थी याने १८४० साली पेटंट घेतलेल्या यंत्रात जुन्या चरकीचेच तत्त्व पुढे नेलेले होते, आणि आज भारतात सर्वत्र दिसणारे ‘डबल रोलर’ जिन याच घराण्यातले आहे. त्यातली खरखरीत पृष्ठभागाची लाट फिरताना तंतू तिला चिकटतात आणि घट्ट टेकलेल्या स्थिर पात्याखालून पलीकडे ओढले जातात. सरकी जाड असल्यामुळे पात्यापाशी अडते, वरखाली हलणारे दुसरे पाते तिला टोला देते, आणि ती तंतूंपासून सुटून जाळीतून खाली पडते. तंतू ओढून घ्यायचे आणि बी अडवायचे, एवढ्या साध्या युक्तीवर हा सगळा उद्योग उभा आहे, आणि युक्ती हाच या शब्दाचा जुना अर्थ होता.

या यंत्रातून कापसाच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश रुई मिळते. बाकीची बहुतेक सरकी असते, जिचे तेल निघते आणि ढेप जनावरांपुढे जाते. रुईची गाठ साधारण १७० किलोंची असते, भाव मात्र ३५६ किलोंच्या खंडीवर बोलला जातो, त्यामुळे एकाच आवारात इंग्रजी नावाचे यंत्र आणि जुने देशी माप शेजारी शेजारी नांदतात. खान्देशात वाफेच्या जिनांचा प्रसार झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकन यादवी युद्धाने तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, भारतीय कापसाचे भाव भडकले, आणि त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आल्यामुळे बैलगाड्यांनी जाणारा माल आगगाडीने मुंबईच्या बंदराकडे निघाला. पुढे जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल अशा गिरण्यांमुळे रुईला घराजवळच गिऱ्हाईक मिळाले. ‘जिन’ हा शब्द मराठीत पुस्तकांच्या वाटेने आलेला नाही. तो यंत्राबरोबर आला आणि कामगारांच्या तोंडून रुळला, म्हणूनच तो इतका घट्ट बसला.

त्याच्याशी उच्चाराने जुळणारे शब्द मात्र जपून ओळखावे लागतात. मद्याचा ‘जिन’ हा जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांवरून आला. त्या झुडपाच्या डच आणि फ्रेंच नावांचा अपभ्रंश होऊन अठराव्या शतकाच्या आरंभी हे आखूड रूप रूढ झाले, आणि यंत्राशी त्याचे काही नाते नाही. घोड्याच्या पाठीवरचे ‘जीन’ फारसीतून आले, आणि ते बनवणाऱ्यांवरून जिनगर हे नाव पडले. जैन परंपरेतला ‘जिन’ संस्कृत ‘जि’ धातूवरून, म्हणजे जिंकणारा या अर्थाने आलेला आहे. ‘जीन्स’ या पोशाखाचे नाव इटलीतल्या जिनोआ शहराच्या फ्रेंच नावावरून पडले.

पण एका शब्दाचे साम्य निव्वळ योगायोगाचे नाही. सजीवाचे गुणधर्म पुढच्या पिढीत नेणाऱ्या घटकाला डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०९ साली जे नाव दिले, ज्याला इंग्रजीत ‘जीन’ आणि मराठीत ‘जनुक’ म्हणतात, त्याचे मूळ जन्म, वंश या अर्थाच्या ग्रीक शब्दांत आहे; तो ग्रीक शब्द, ‘इंजेनियम’मधला लॅटिन धातू आणि संस्कृतातला ‘जन्’ हे तिन्ही एकाच आदिम मुळाचे अंकुर मानले जातात. म्हणजे जिन, जीन आणि जनुक यांच्यात खरोखरीचे रक्ताचे नाते आहे. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली, जमिनीतल्या एका जीवाणूचे जनुक घातलेले हे वाण थोड्याच वर्षांत खान्देशभर पसरले, आणि तेव्हापासून जनुक बदललेला कापूस जिनमध्ये येऊ लागला. बोंडअळीला मारणारे विषारी प्रथिन झाडातच तयार व्हावे, ही त्यामागची योजना होती. परंतु गुलाबी बोंडअळीने त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकांचे फार मोठे नुकसान झाले. ही अळी कापसाबरोबर आणि सरकीत दडून जिनच्या आवारात येते आणि तिथून बाहेर पडलेले पतंग आसपासच्या शेतांत जातात, म्हणून जिनमध्येही कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे, लावण्याचा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. बुद्धी, यंत्र, जनुक आणि फास हे या शब्दकुळाचे चारही अर्थ इथे एका शेडखाली एकत्र येतात.

अशा शब्दांची नोंद कोशात यायची तर ती नुसत्या ‘सरकी काढण्याचे यंत्र’ एवढ्या अर्थाने येऊन भागणार नाही. जिनवर आयुष्य घालवलेले फिटर, हमाल आणि मुनीम आज वृद्ध झाले आहेत आणि जुने जिन एकेक करून बंद पडत आहेत. त्यांच्या तोंडी असलेली यंत्राच्या भागांची, कापसाच्या प्रतींची आणि कामांची नावे, अहिराणी आणि तावडी या बोलींतल्या उच्चारांसह, खान्देशातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी या हंगामापासूनच लिहून घ्यायला सुरुवात करावी.