झटके थांबले, आता औषध किती दिवस?

जन्मल्यावर बाळ लगेच रडलं नाही, की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. प्रसूतीत मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच बाळाला झटके येऊ शकतात. पण ते मोठ्यांच्या फिटसारखे दिसत नाहीत. ओठ चोखल्यासारखे हलतात, नजर एका बाजूला खिळते, पाय सायकल मारल्यासारखे फिरतात. कित्येकदा बाळ शांत निजलेलं दिसतं आणि झटका फक्त ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या आलेखावर, उमटतो. म्हणूनच अमेरिकेतल्या मोठ्या एनआयसीयूंमध्ये (नवजात अतिदक्षता विभागांमध्ये) मेंदूचं नुकसान कमी व्हावं यासाठी अशा बाळाचं शरीर ७२ तास ३३.५ अंश सेल्सिअसवर थंड ठेवतात, तेव्हा डोक्यावर इलेक्ट्रोड लावून ईईजीही चालूच असतो.

औषध मात्र जुनंच, १९१२ पासूनचं फेनोबार्बिटोन. ते वाढत्या मेंदूला अपाय करील, ही भीती प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे बळावली आणि बरेच डॉक्टर लेव्हेटिरासिटाम या नव्या औषधाकडे वळले. मग सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पुढाकाराने दोन्ही औषधांची समोरासमोर चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला. फेनोबार्बिटोन दिलेल्या ३० पैकी २४ बाळांचे झटके चोवीस तास थांबले होते. लेव्हेटिरासिटाम दिलेल्या ५३ पैकी फक्त १५ बाळांचे. इतका मोठा फरक असताना केवळ नवं म्हणून दुसरं औषध आधी देणं मला पटत नाही.

नवजात बाळांच्या झटक्यांसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, पहिल्यांदा औषध मंजूर केलं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये. तेही फेनोबार्बिटोनच, आणि कंपनी आपल्या मुंबईची, सन फार्मा. 'सेझाबी' नावाच्या या इंजेक्शनात बेन्झिल अल्कोहोल नाही. हे परिरक्षक नवजात बाळांना घातक ठरू शकतं.

खरी गफलत होते ती झटके थांबल्यावर. 'असू दे, खबरदारी म्हणून' असं म्हणत औषध महिनोन्‌महिने चालू राहतं. बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. हॅना ग्लास आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ९ रुग्णालयांतल्या ३०३ मुलांचा मागोवा घेतला. त्यांतल्या बहुतेकांना औषध चालू ठेवूनच घरी पाठवलं होतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, घरी जाण्याआधी औषध बंद केलेल्या आणि चालू ठेवलेल्या मुलांच्या विकासात दोन वर्षांच्या वयात फरक आढळला नाही. औषध चालू ठेवल्याने अपस्मार, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजारही टळला नव्हता. प्राणवायूअभावी आलेले असे तात्पुरते झटके थांबले असतील, तर घरी सोडण्याआधीच औषध बंद करावं, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचं २०२३ चं मार्गदर्शनही सांगतं.

आई-बाबांनो, डिस्चार्जच्या कागदावर हे औषध दिसलं, तर ते का आणि किती दिवस द्यायचं, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण एकही डोस स्वतःच्या मनाने बंद करू नका.