मूळव्याध : ताक, सुरण आणि लोकलचा प्रवास

कल्याण-डोंबिवली, ठाण्याहून मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही. म्हणून सकाळी पाणी कमी पिणं आणि शौचाचा वेग दाबणं अनेकांच्या अंगवळणी पडतं. त्यावर मैद्याचा पाव आणि दिवसभराचं बैठं काम. मल घट्ट होतो, कुंथावं लागतं, गुदाजवळच्या शिरा फुगतात. हीच मूळव्याध.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला १४वा अध्याय याच रोगाचा. वात-कफाच्या मूळव्याधीत चरकांचा सर्वांत मोठा भरवसा ताकावर. सुरणाचं तर एक नावच ‘अर्शोघ्न’, म्हणजे मूळव्याध नष्ट करणारा. मात्र तो चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवावा, नाहीतर घसा खाजतो. रात्री इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावं. त्रिफळा वैद्यांना विचारून. भाकरी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं रोज हवीत. तिखट आणि दारू टाळावी. कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं बसल्यानं ठणका उतरतो. शौचाला मोबाइल नेऊ नये.

सुश्रुतांनी औषधाबरोबर क्षार, अग्नी आणि शस्त्र हे उपायही सांगितले. पण ते प्रशिक्षित हातांचं काम, लोकलच्या डब्यातल्या जाहिरातींवर विसंबून करून घेण्याचं नव्हे.

रक्त पडलं की मूळव्याधच, असं गृहीत धरू नका. चाळिशीनंतर प्रथमच रक्त दिसलं, वजन घटलं किंवा शौचाची सवय बदलली, तर लाजू नका, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.