खेड्यातील विद्यार्थी आणि ख्रिस्ती महाविद्यालयाचा धडा

दरवर्षी बारावीचा निकाल लागला, की बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे यांसारख्या गावांत घरोघरी एकच विचार सुरू होतो : मुलगा पुढे कोठे शिकणार, आणि मुलगी मुळी शिकणार की नाही? गुणांचा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न राहण्याचा व जेवण्याचा. तालुक्याच्या अगर जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालय आहे, प्रवेशही मिळतो. परंतु सकाळची एस. टी. चुकली तर पहिला तास गेला, संध्याकाळची चुकली तर घरच्यांच्या जिवाला घोर; आणि कापूस वेचणीचे दिवस आले, की घरी हात कमी पडतात म्हणून आठवडेच्या आठवडे वर्ग बुडतो. असा विद्यार्थी हजेरीपटावर असतो, महाविद्यालयात नसतो. परीक्षा जवळ आली म्हणजे तो एखादे मार्गदर्शक विकत घेतो, प्रश्नोत्तरे पाठ करतो आणि पदवीधर होतो. अशा पदवीचे मोल बाजारात किती ठरते, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगणे न लगे. त्यांच्या पेढीवर नोकरीसाठी येणारे उमेदवार ते रोज पाहतच असतात.

या प्रश्नाचा विचार करिताना आम्हांस एका अशा संस्थेचा दाखला द्यावासा वाटतो, की जिचे नाव आमच्यासारख्या राष्ट्रीय वृत्तीच्या माणसाने आदराने घ्यावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. ती संस्था म्हणजे अहमदनगर येथील, म्हणजे आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या शहरातील, अहमदनगर महाविद्यालय होय. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती गृहस्थांनी ते १९४७ साली स्थापन केले. हार्वर्डसारख्या अमेरिकन विद्यापीठात शिकून आलेल्या विद्वानास मुंबईपुण्यात मानाची जागा मिळण्यास अडचण नव्हती. त्यांनी निवडला तो अवर्षणाने वारंवार होरपळणारा जिल्हा; आणि विद्यार्थी पाहिले ते पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत अशा तालुक्यांतील शेतकऱ्यांचे. पुणे विद्यापीठ तेव्हा जन्मास यावयाचे होते. ते १९४९ साली निघाले. आज हे महाविद्यालय विस्ताराने मोठे आहे. परंतु कोणतीही संस्था प्रथम लहान असते, आणि लहानपणी लागलेले वळणच तिला पुढे उपयोगी पडते.

हे वळण एकाएकी लागले नाही. नगरास अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ पासूनचे. तेथील मिस फॅरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी १८४८ साली पाहिली आणि त्याच वर्षी पुण्यास मुलींची शाळा काढली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आमच्या वऱ्हाडातही अकोला, खामगाव येथे मिशनने शाळा व अनाथाश्रम चालविले. मात्र महाविद्यालयासाठी वऱ्हाडच्या मुलाला फार काळ घर सोडूनच जावे लागे. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे. अमरावतीस सरकारी कॉलेज निघावयास १९२३ साल उजाडले. तोवर मलकापूरच्या स्टेशनावर वळकटी व फराळाचा डबा घेऊन नागपूरच्या गाडीची वाट पाहणे, हाच आमच्या भागातील उच्च शिक्षणाचा पहिला धडा होता.

आता आक्षेपाकडे वळू. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या त्या धर्मप्रसारासाठी, असे म्हणतात. आणि ते बहुतांशी खरेही आहे. मिशनच्या कित्येक महाविद्यालयांत बायबलचा तास दीर्घकाळ सक्तीचा होता, व त्या सक्तीवर आपल्या राष्ट्रीय पुढाऱ्यांनी टीका केली ती रास्तच केली. परंतु स्वतंत्र भारताच्या घटनेने या वादाचा निकाल लाविला आहे, याचे आमच्यापैकी पुष्कळांस विस्मरण होते. घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्यांकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला. त्याबरोबरच अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने असे बंधन घातले, की शासनाची मान्यता अगर मदत असलेल्या संस्थेत कोणाही विद्यार्थ्यावर त्याच्या संमतीवाचून, व तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करिता येणार नाही. केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांवरून मदतप्राप्त संस्थेत प्रवेश नाकारता येणार नाही, हे एकोणतिसावा अनुच्छेद सांगतो. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी टी. एम. ए. पै प्रकरणात या अनुच्छेदांचा सविस्तर ऊहापोह केला आहे. तेव्हा कायद्याची बाजू स्पष्ट आहे. ज्याला शंका असेल त्याने संस्थेच्या कारभारावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. पण शंकेच्या भरात तिच्याकडून शिकण्याजोगे ते शिकावयाचे नाही, हा स्वाभिमान नसून आळस होय. बालकवी ठोमरे काही काळ नगरास रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले. त्या घराने त्यांचा धर्म घेतला नाही. त्यांच्या कवितेला मात्र आसरा दिला.

मग शिकण्याजोगे ते काय? आमच्या मते एकच गोष्ट. विद्यार्थी व अध्यापक यांनी एका आवारात राहावे, एका पंगतीस जेवावे, आणि महाविद्यालयाची दारे भोवतालच्या खेड्यांकडे उघडी असावीत. १९३१ साली ऑक्सफर्डच्या बेलिओल कॉलेजचे प्रमुख लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हिंदुस्थानातील ख्रिस्ती महाविद्यालयांची पाहणी केली. ही महाविद्यालये परीक्षांच्या ओझ्याखाली दबली आहेत, भोवतालच्या समाजाशी त्यांचा संबंध तुटला आहे, सबब त्यांनी संशोधन व समाजकार्य यांची जोड अध्यापनास द्यावी, असा त्या अहवालाचा रोख होता. अहवाल पुष्कळ लिहिले जातात व कपाटात पडून राहतात. नगरास मात्र ही दृष्टी प्रत्यक्षात आलेली दिसते. तेथे १९६२ साली ग्रामीण विकासाच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र निघाले व समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले. राष्ट्रीय सेवा योजना देशात सुरू झाली ती १९६९ साली. विद्यार्थ्याने गाव पाहावे, ही गोष्ट नगरास त्यापूर्वीच पटलेली होती.

वसतिगृहातील दिवस कसा असतो, हे ज्यांनी तो अनुभवला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पहाटे घंटा होते. नळावर रांग लागते, आणि तेथे पाटलाचा मुलगा व शेतमजुराचा मुलगा एकामागे एक उभे राहतात. वर्ग संपल्यावर मैदान, मैदानानंतर दिवाबत्ती व वाचन. खानावळीचा हिशेब विद्यार्थी आळीपाळीने स्वतःच ठेवतात. बाजारातून भाजी आणणे, धान्य निवडून घेणे, महिनाअखेर कोणाचे किती देणे निघाले ते फळ्यावर लिहिणे, ही कामे करिता करिता जो जमाखर्च कळतो तो वाणिज्य शाखेच्या पुस्तकात सापडत नाही. रात्री एखाद्याला ताप भरला, तर त्याच्या उशाशी बसणारा त्याच्या जातीचा असेलच असे नाही. प्रथम वर्षाला आलेला मुलगा वर्गात उभा राहून दोन वाक्ये बोलावयास कचरतो. तिसऱ्या वर्षी तोच वक्तृत्वाच्या फडात पदक मिळवितो. या बदलाचे श्रेय व्याख्यानांहून अधिक त्या पंगतीस, त्या मैदानास, आणि दिवेलागणीनंतर अध्यापकांच्या ओसरीवर चालणाऱ्या गप्पांस आहे.

ही काही केवळ ख्रिस्ती समाजाची मिरास नव्हे. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये सातारास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले, आणि ज्या १९४७ साली हिवाळ्यांनी नगरास महाविद्यालय काढले त्याच साली सातारचे छत्रपती शिवाजी कॉलेज ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर सुरू झाले. वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून हेच ओळखले. एक ख्रिस्ती पंडित, एक जैन कुळातील लोकसेवक, एक वऱ्हाडचा बॅरिस्टर. तिघांचे मार्ग भिन्न, पण तिघेही एकाच निष्कर्षास आले, की खेड्यातील मुलास प्रथम पाठ टेकावयास जागा व पोटास भाकर द्यावी. पुस्तक तो मागाहून आपण होऊन उघडतो. पूर्वीच्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून अगर माधुकरी मागून शिके, हे खरे; पण ती सोय ठराविक जातींपुरती होती. सर्वांना एका पंगतीस बसविणारे छात्रालय ही नवी वस्तू होती, आणि ती उभारणाऱ्यांचे ऋण, ते कोणत्याही धर्माचे असोत, मान्य केलेच पाहिजे.

आज आपण काय करीत आहो? महाविद्यालयांची संख्या वाढली. अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्वतंत्र निघाले, व वऱ्हाडच्या मुलाला पदवीसाठी नागपूर गाठण्याची सक्ती उरली नाही. हे चांगलेच झाले. परंतु इमारती जवळ आल्या तसा अध्यापक दूर गेला. मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, आणि त्यांवर तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण येथे दोन तास, तेथे दोन तास असे करीत दुचाकीवर आयुष्य काढतो. त्याच्या ओसरीवर विद्यार्थी संध्याकाळी बसणार कसे? त्याला स्वतःची ओसरीच नाही. इकडे विद्यार्थी बसथांब्यावर, तिकडे अध्यापक रस्त्यावर. मध्ये महाविद्यालयाची रंगविलेली भिंत तेवढी जागची हलत नाही.

यात सर्वांत जास्त नुकसान होते ते मुलींचे. मुलाने मित्राच्या खोलीवर पथारी पसरली तरी चालते. मुलीच्या बाबतीत बापाचा धीर होत नाही, व त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सुरक्षित राहण्याची सोय नाही म्हणून हुशार मुलगी घरी बसते, घरी बसली म्हणून तिचे लग्न ठरते, आणि मग आपण सभांतून स्त्रीशिक्षणावर व्याख्याने झोडतो! सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. एक खोली व दोन वेळचे जेवण देणे खर्चाचे आहे.

खर्चाचेच बोलू, कारण आमचे वाचक हिशेबी आहेत. तालुक्याच्या ठिकाणी ३० मुलींचे छात्रालय काढावयाचे ठरविले, तर माणशी रोज अर्धा किलो धान्य धरून ३०० दिवसांस दीड क्विंटल, आणि ३० जणींस ४५ क्विंटल धान्य लागेल. एवढे धान्य एका मालमोटारीत मावते. ज्या बाजारात हंगामाच्या एका दिवसात याहून कितीतरी अधिक माल उतरतो, त्या बाजारास हे जड जावे काय? डाळ, तेल, भाजी, सरपण, जागेचे भाडे व एका कर्तबगार गृहमातेचा पगार हा खर्च वेगळा. पण तोही दहापाच पेढ्यांनी मनावर घेतल्यास आवाक्याबाहेरचा नाही.

आणि ही कल्पना आमच्या व्यापाऱ्यांस नवी नाही. कापसाच्या व धान्याच्या आडतीत हिशेबपट्टीवर ‘धर्मादाय’ अशी एक ओळ असे. त्या पैशांतून पाणपोया, धर्मशाळा, पांजरपोळ चालत. कोठे कोठे तो पैसा पेढीच्याच गल्ल्यात मुरे, हेही खरे. कायद्याने या रकमेची दखल घेतली आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे चोपन्नावे कलम सांगते, की रिवाजाने असा जो पैसा गोळा होतो तो गोळा करणाऱ्याच्या हाती विश्वस्त म्हणून असतो, व त्याचा हिशेब धर्मादाय अधिकाऱ्यास द्यावा लागतो. आमचे म्हणणे असे नाही, की शेतकऱ्याच्या पट्टीतून पुन्हा कपात करावी. ते अन्यायाचे होईल. व्यापाऱ्याने आपल्या नफ्यातून, आपल्या नावाने, रीतसर विश्वस्त नेमून व दरसाल जमाखर्च छापून हे कार्य करावे. ज्याला पैसा देणे शक्य नाही त्याने जागा द्यावी. वकिलाने घटनापत्र लिहून द्यावे. वैद्याने आठवड्यातून एकदा येऊन मुलींची प्रकृती पाहावी.

हिवाळ्यांनी नगरास महाविद्यालय काढले तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळत होते, आणि फाळणीच्या आगीत माणूस माणसाचा धर्म विचारून त्याला मारीत होता. अशा वर्षी एका अल्पसंख्य समाजाच्या माणसाने सर्व जातिधर्मांच्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी दार उघडले. राष्ट्रीयत्व याहून निराळे असते, असे आम्हांस वाटत नाही. येत्या जून महिन्यात धामणगाव बढे येथील एखादी मुलगी गुणपत्रिका हातात घेऊन बापाकडे पाहील, तेव्हा ‘राहशील कोठे?’ या त्याच्या प्रश्नास आपल्या तालुक्यापाशी उत्तर असले पाहिजे. निकाल लागण्याच्या आत एक बैठक भरवावी, पाच विश्वस्त ठरवावेत आणि पहिले पोते कोणाच्या दुकानातून येणार ते त्याच बैठकीत लिहून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.