चाकाचा चिखल जातो कोठे?

पावसाळ्यात बीड जिल्ह्यातील गेवराई-माजलगावच्या काळ्या रानातून आलेली जीप पाहा. या मातीतील चिकण कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक असतात. ते पाणी शोषून फुगतात व चाकाला घट्ट चिकटतात. चाकाने वेग घेतला, की चिखल स्पर्शरेषेच्या दिशेने सुटतो आणि मडगार्डच्या आत जाऊन बसतो. तेथे ओल टिकते. पत्रा आतून गंजतो. रेडिएटरच्या फटी चिखलाने बुजल्या, तर हवा खेळत नाही व इंजिन तापते. म्हणून चाक आणि इंजिन यांच्यामध्ये रबरी पडदा लावावा. इंजिन निवले, की चिखल वाळण्यापूर्वीच धुवून काढावा. तुमच्या सायकलच्या मडगार्डखाली एकदा बोट फिरवा, म्हणजे पटेल!